आईच्या वाट्याचा बाद चष्मा

मी चष्मा बोलतोय. वाचायचा नव्हे, उन्हाचाही नव्हे. टीव्हीवरची मॅच थ्रीडीत बघायला लावतात ना, तो काळा, जाडजूड, नाकाला रुतणारा चष्मा. सुरतेत गोडादऱ्याला उखाभाऊंच्या घरी माझा मुक्काम असतो. आणि आधीच सांगून ठेवतो, मी बाद नाही. कधीच नव्हतो. या घरानं मला बाद ठरवलं ते मी एक वेळ विसरलो असतो, पण त्यापायी उखाभाऊंच्या बायकोचे, सरलाबाईंचे, डोळे जायची पाळी आली होती. म्हणून तोंड उघडतोय.

आम्ही चार भाऊ एका टीव्हीबरोबर खोक्यातून आलो. पहिलं घर एका कापडवाल्या शेठचं होतं. भला मोठा हॉल, मऊ सोफे, आणि आमचं कौतुक तर विचारू नका. दुकानदारानं सांगितलं होतं, आता सगळे सामने थ्रीडीत येणार, मैदान घरात येणार. मैदान काही आलं नाही. चारदोनदा आम्हाला नाकावर चढवून झालं, शेठाणीचं डोकं दुखलं, आणि आमची रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. मोठ्या लोकांची हौस ही अशी असते, दिवाळीला येते आणि होळीपर्यंत टिकत नाही.

शेठनं नवा टीव्ही घेतला तेव्हा जुन्या टीव्हीसकट आम्हाला त्यांच्या पांडेसऱ्याच्या मिलमधले जुने कारागीर उखाभाऊ यांना देऊन टाकलं. इथं मात्र आमचं नशीब उघडलं. उखाभाऊंच्या मुलानं, योगेंद्रनं, रिमोटवरचं एक बटण शोधून काढलं. ते दाबलं की साध्या चॅनेलवरची लाईव्ह मॅचही टीव्ही स्वतःच थ्रीडी करून दाखवायचा. पहिला षटकार आला तेव्हा उखाभाऊ खाली वाकले आणि त्यांच्या हातातला चहा लुंगीवर सांडला. त्या दिवसापासून या घरात मॅच म्हणजे थ्रीडीच.

माझं काम सोपं आहे. डावी काच उघडायची, मग उजवी, मग पुन्हा डावी, इतक्या भराभर की माणसाला पत्ता लागू नये. दोन डोळ्यांना दोन निरनिराळी चित्रं पोचतात आणि डोकं त्यांचं एक खोल चित्र करतं. फक्त दोन्ही डोळे धड पाहिजेत.

मी सरलाबाईंच्या वाट्याला आलो. पहिल्याच मॅचला त्या आपल्या खानदेशी अहिराणीत म्हणाल्या, "माले तर साधीच मॅच दिखी ऱ्हायनी. चेंडू कोठे बाहेर येस?"

"मम्मी, तुना चष्मा बाद शे," योगेंद्र म्हणाला. "आण, मी घालतो."

"ऱ्हाऊ दे. तुम्ही चांगला घाला. माले चालस."

झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी त्यांच्या नाकावर बसलेलो, मला सगळं कळत होतं. डावी काच उघडली की पलीकडे नजर जागी असायची. उजवी उघडली की पलीकडे कोणी नसायचंच. त्यांचा उजवा डोळा विझत चालला होता आणि त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं, कारण डावा बिचारा दोघांचं काम ओढत होता. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण चष्म्याला कोण विचारतो?

या घराची रीत मी एव्हाना ओळखून होतो. करपलेली भाकरी आईच्या ताटात, कान तुटलेला कप आईच्या हातात, खटखट करणारा पंखा आईच्या डोक्यावर. मग बाद चष्मा दुसऱ्या कोणाच्या नाकावर जाणार? त्यांनी तर माझ्या दांडीला साडीचा लाल दोरा बांधून ठेवला. का, तर चुकून दुसऱ्या कोणाला मी मिळायला नको.

त्यात उखाभाऊंचा एक नियम होता. त्या पहिल्या दिवशी आपली टीम जिंकली होती. तेव्हापासून ज्याची जी जागा आणि ज्याचा जो चष्मा, तो तसाच. बदल केला की विकेट पडते म्हणे. माणूस मिलमध्ये रंगाच्या टाक्यांवर हुशार, पण मॅच लागली की त्याची अक्कल कुठं जाते देव जाणे. माझा जादा पडून असलेला चौथा भाऊही त्यांनी कोणाला घालू दिला नाही; तो त्यांच्याच बुडाखाली सापडून मोडला, तरी नियम काही मोडला नाही.

मी मात्र मनात झुरत होतो. सरलाबाई घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायच्या. ते काम वापस यायला लागलं, खडे रेषेच्या बाहेर जात होते. चहा ओतताना धार कपाच्या शेजारी पडायची. भाजी आणायला गेल्या तर उजवीकडून आलेली मोटारसायकल त्यांना दिसलीच नाही, कोपर सोलून घरी आल्या. उखाभाऊ म्हणाले, "पाहीसन चालत जाय." त्या म्हणाल्या, "वय व्हई गयं आते." आणि कोपराला हळद लावून पोळ्या लाटायला बसल्या. मला इतका राग आला. वय नव्हे हो बाई, डोळा!

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशी घरात आखाजी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी, कारण लेक माहेरी येते. लेक रंजना चलथाणला दिलेली, नवरा साखर कारखान्यात. चलथाण काय लांब आहे? रिक्षात बसलं की आलं. पण योगेंद्र मुऱ्हाळी होऊन न्यायला गेला तेव्हाच ती आली. दुपारी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झाला आणि संध्याकाळी सगळे मॅचसमोर बसले.

माणसं चार, चष्मे तीन. सरलाबाई लगेच योगेंद्रला म्हणाल्या, "तुना चांगला चष्मा ताईले दे."

रंजना लहानपणापासून अशी की कुलूप दिसलं की किल्ली शोधणार. ती म्हणाली, "माले तुनाच दे. पाहू तरी काय बाद शे त्यात."

"माहेरवाशिणीले बाद वस्तू? आखाजीना दिवस?" सरलाबाईंनी मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"कोणी काही बदलू नका," उखाभाऊ टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "शेवटल्या ओव्हरी शेत."

रंजनानं बापाचं ऐकलं नाही, आईचंही नाही. तिनं मला सरळ आईच्या नाकावरून उचललं आणि स्वतः घातलं. कितीतरी दिवसांनी माझ्या दोन्ही काचांपलीकडे दोन जागे डोळे होते. मी जीव तोडून काम केलं. फलंदाजानं चेंडू उचलला, तो गर्दीतून सुटला, खोलीत आला, आणि रंजनानं चटकन मान बाजूला घेतली.

"हाऊ तं चांगला शे," ती म्हणाली.

मग तिनं योगेंद्रच्या नाकावरचा चष्मा काढून आईला लावला. "आते सांग, काय दिखस?"

"तसंच. साधी मॅच."

रंजना जागेवरून उठली. तिनं आईसमोर बसून तिच्या डाव्या डोळ्यावर आपला तळवा ठेवला. सरलाबाई साध्या आवाजात म्हणाल्या, "लाईट गई का?"

टीव्ही चालू होता. समालोचक ओरडत होता. तिकडे विकेट पडली. उखाभाऊंनी स्वतःचा चष्मा काढून टीव्हीकडे पाठ फिरवली आणि बायकोकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात मीही गेलो, रंजनाच्या पर्समधून. तपासण्या बराच वेळ चालल्या. उखाभाऊ बाकावर बसून दोन्ही हात गुडघ्यांत दाबत होते. मी घाबरलो होतो. उजव्याचं मला माहीत होतं, पण डावाही गेला असेल तर?

डॉक्टर म्हणाले, "काचबिंदू आहे. यात दुखत काही नाही, म्हणून लोक येतच नाहीत." उजव्या डोळ्याचं जे गेलं ते परत येणार नव्हतं. डाव्यातही सुरुवात झाली होती, पण नुसती सुरुवात. थेंब रोज टाकायचे, जन्मभर, आणि तपासणी चुकवायची नाही. मग तो टिकेल. अजून वर्षभर असंच चाललं असतं तर दोन्हींत अंधार झाला असता.

उखाभाऊंनी दोनदा विचारलं, "डावा टिकी ना साहेब?" डॉक्टरांनी दोनदा हो म्हटलं, तेव्हा कुठं सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही.

"पण तुम्हाला कळलं कसं?" डॉक्टरांनी विचारलं. रंजनानं मला टेबलावर ठेवलं आणि सगळी गोष्ट सांगितली. डॉक्टर मोठ्यानं हसले. सरलाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला उचललं आणि काच पदरानं पुसली.

"तू चांगलाच व्हता रे बाबा," त्या म्हणाल्या. "मीच तुले बाद म्हनत व्हतू."

मला काय वाटलं ते कसं सांगू? इतके दिवस नावं ठेवून घेतली, त्या एका पुसण्यानं सगळी फिटली.

आता घरात थेंबांची बाटली टीव्हीशेजारी असते. खड्यांचं काम सरलाबाईंनी सोडलंय. रस्ता ओलांडताना त्यांच्या उजव्या हाताला घरातलं कोणीतरी चालतं. चहा योगेंद्र ओततो, वाईट ओततो, पण ओततो.

आणि तुम्हालाही सांगतो. तुमच्या घरात कोणी वरचेवर "मला चालतं" म्हणत असेल, तर ऐकून पुढे जाऊ नका. ती वस्तू एकदा स्वतः वापरून बघा. कदाचित वस्तू चांगली असेल.

माझं काय झालं विचाराल, तर मी रिकामा आहे. दवाखान्यातून आल्यावर जी पहिली मॅच लागली, तिला योगेंद्रनं सवयीनं थ्रीडीचं बटण दाबलं. उखाभाऊंनी त्याच्या हातातून रिमोट घेतला, स्वतः ते बंद केलं आणि बायकोच्या उजव्या बाजूला सरकून बसले.

"तिले दिखत नही," ते म्हणाले, "ते आपलेबी नको."