बर्फावरच्या साठ खुणा

प्राचीला पहिला संशय आला तो हातमोज्यांवरून.

तसं संशय घेणं हे तिचं कामच होतं म्हणा. पलासियाच्या चौकापासून दोन गल्ल्या आत, दुसऱ्या मजल्यावर, श्रीहरीकाकांचं जमीन मोजायच्या यंत्रांचं दुकान होतं आणि तिथे सहा वर्षं ती गिऱ्हाइकांना यंत्रं निवडून देत होती. जंगलखात्याचे लोक येत, रस्त्याचे ठेकेदार येत, मानपुरहून खाणवाले येत. जो तो आला की म्हणे, "मॅडम, सबसे अच्छावाला दाखवा." श्रीहरीकाकांनी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: गिऱ्हाइकाला काय हवंय ते विचारायचं नाही, तो दिवसभर करतो काय ते विचारायचं. गौतमपुऱ्याचा एक जण आपलं शेत मोजायला जीपीएस घ्यायला आला, तर प्राचीच्या चार प्रश्नांत कळलं की त्याला शेत मोजायचं होतं ते भावाचं, आणि भावाला न कळू देता. असं तिचं नाक.

आणि आता गिऱ्हाईक कोण, तर यशोधन. तिचा होणारा नवरा.

यशोधन मूळचा राजेंद्रनगरचा. चार वर्षांपासून कॅनडात, विनिपेगला, सॉफ्टवेअर कंपनीत. जुलैमध्ये येऊन साखरपुडा करून गेला होता आणि मेमध्ये लग्न होतं. जानेवारीच्या एका सोमवारी सकाळी त्याचा मेसेज आला. हल्ली तो बर्फावर मासे धरायला जातो म्हणे. तळं गोठतं, त्याला भोक पाडायचं, गळ सोडून बसायचं. चारी बाजूंना नुसतं पांढरं, त्यामुळे रस्ता चुकतो. तर एक हातात धरायचा जीपीएस निवडून दे, तू तर एक्स्पर्ट आहेस.

"मासे?" प्राचीची आई, सुहासिनीबाई, पोळी लाटता लाटता थांबली. "साखरपुड्याला कढीत बोट बुडवून बघत होता तिखट आहे का, तो मासे मारतो? काय तरी बाई एकेक!"

प्राची हसली. तिला बरंच वाटलं होतं, खरं तर. लग्न ठरल्यापासून दोघांचं बोलणं हॉल, मेन्यू, व्हिसा यांच्यापलीकडे जात नव्हतं, आणि आज त्याने तिला तिच्या कामातलं काही विचारलं होतं. तिने जेवणाच्या सुट्टीत बसून एक छानसं निवडलं. छोटं, हलकं, मोठा रंगीत पडदा, बोट लावलं की नकाशा उघडतो. हौशी माणसाला याहून जास्त काय लागतं?

यशोधनचं उत्तर आलं. बोटाने चालणारं नको, बटणवालं हवं. हातात दोन दोन मोजे असतात, काढता येत नाहीत.

बरोबर आहे, प्राचीने मनाशी म्हटलं. थंडी असते. पण "काढता येत नाहीत" म्हणजे काय? मासा लागेपर्यंत माणूस रिकामाच बसलेला असतो. मोजा काढायला कोण नको म्हणतंय?

मंगळवारी तिने बटणवालं सुचवलं. तर याचा प्रश्न, बॅटरी किती चालते. तिने लिहिलं, पाच-सहा तास सहज. तो म्हणाला, दहा तास हवी, उणे तीसमध्ये, आणि सेल बदलता आले पाहिजेत. दहा तास! शनिवार-रविवारचा शौक आणि दहा तास? इथे यशवंतसागरवर लोक गळ टाकून बसतात, ते दोन तासांत कंटाळून पोहे खायला उठतात.

"दाल में कुछ काला आहे," ती आईला म्हणाली.

"मासा आहे," आई म्हणाली.

बुधवारी मात्र कमाल झाली. त्याने विचारलं, खुणा किती साठवता येतात. म्हणजे नकाशावर एखादी जागा पक्की करून तिला नाव देता येतं, तशा किती. प्राचीने लिहिलं, कितीही साठव रे, पण तुला किती लागणार, तुझी दोन-तीन भोकं? बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग उत्तर आलं.

"साठ. आणि नंबर देता आले पाहिजेत. रोज बदलतात."

रोज!

प्राचीने फोन पालथा ठेवला. सोमवार ते शुक्रवार हा माणूस ऑफिसात असतो ना? मग रोज बदलतात त्या खुणा कोणाच्या? हा करतो तरी काय तिथे? चोरटी शिकार? कसला धंदा? कोणी बाई? पण बाईसाठी साठ खुणा कशाला लागतील, असंही तिच्या मनात आलं आणि तशातही तिला स्वतःचं हसू आलं. हसू फार टिकलं नाही.

कारण टेबलाच्या खणात पाकीट होतं. राजीनाम्याचं.

दुकानाची नोटीस तीन महिन्यांची, म्हणजे मेमध्ये लग्न करून जायचं तर येत्या सोमवारी, एक तारखेला, राजीनामा द्यायलाच हवा होता. तिच्या जागी घ्यायची मुलगीही श्रीहरीकाकांनी बघून ठेवली होती. एकदा दिला की दिला. सहा वर्षांत तिने हे दुकान जवळजवळ आपलं केलं होतं, आणि ते सोडायचं म्हटलं की रात्रीचं जेवण जात नसे. हे कोणाला सांगायची सोय नव्हती. बाबा तर हवेतच होते. सुधाकरराव शिक्षण खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. एरवी घरात नवा कुकर घ्यायचा तर चार दुकानं आणि पंधरा दिवस लावणारा माणूस, पण राजीनाम्याचा मसुदा त्यांनी एका सकाळी लिहिला, छापून आणला आणि पाकिटात घालून तिला दिला. वर रोज आठवण. "बेटा, एक तारीख चुकवू नकोस हं. पुढे सगळं अडकतं."

गुरुवारी तिने श्रीहरीकाकांसमोर कागद ठेवला. नाव सांगितलं नाही. "एक गिऱ्हाईक आहे काका, बाहेरदेशचं. बर्फावर मासे धरतो म्हणतो. बटणं हवीत, मोजे काढत नाही. दहा तास बॅटरी. साठ खुणा, नंबरवार, रोज बदलणाऱ्या. आणि आज म्हणाला, गाडीच्या हँडलला बसवता आलं पाहिजे. कोणतं देऊ?"

श्रीहरीकाका एका जुन्या दुर्बिणीची काच पुसत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"हा मासे धरत नाही. धरणाऱ्यांकडे कामाला आहे."

"असं कसं म्हणता?"

"अगं, शौकीन माणूस आधी रंग विचारतो, मग किंमत विचारतो, आणि बॅटरी कधीच विचारत नाही. याला दिवसभर साठ जागी जायचंय आणि संध्याकाळी घरी पोचायचंय. मजूर आहे, नाही तर मुकादम. त्याला भारीतलं दे बेटा, आपल्या खाणवाल्यांना देतो तसं. याचा जीव आहे त्यावर."

प्राची जागेवर येऊन बसली. तिला कुणीतरी भर बाजारात थोबाडीत दिल्यासारखं वाटत होतं. चार दिवस जे तिचं नाक सांगत होतं आणि तिचं मन ऐकत नव्हतं, ते काकांनी काच पुसता पुसता सांगून टाकलं. शुक्रवार-शनिवार तिने त्याला काही उत्तर दिलं नाही. घरात बाबा हॉलवाल्याशी फोनवर भांडत होते, आई साड्यांना फॉल लावायला काढत होती, आणि ती त्या दोघांकडे बघून गप्प बसत होती. यांना कळलं तर काय होईल, या विचाराने तिचा जीव तुटत होता.

रविवारी सकाळी आठला तिने व्हिडिओ कॉल लावला. तिकडे शनिवारची संध्याकाळ. यशोधन पडद्यावर आला. गाल काळवंडलेले, नाकावरची कातडी सोललेली. जुलैमधलं गुबगुबीत रूप कुठे गेलं होतं कोण जाणे.

"यंत्र मिळालं का गं?" त्याने विचारलं.

"मिळालं. आधी सांग, साठ काय आहेत?"

तो डोक्यावरची टोपी काढून झटकायला लागला.

"यशोधन, मी रोज वीस माणसांना हाच प्रश्न विचारते. फेकू नकोस, मला कळेल."

"झोपड्या," तो म्हणाला. "लाकडी खोल्या असतात छोट्या. बर्फावर ओढून न्यायच्या, आत शेगडी लावायची, बर्फाला भोकं पाडायची. लोक भाड्याने घेतात, आत बसून मासे धरतात. मी त्यांना बर्फावरच्या गाडीने नेतो, आणतो. बर्फ हलतो, फुटतो, म्हणून जागा रोज बदलतात. गेल्या आठवड्यात वादळात एक झोपडी सापडेना. आत एक म्हातारा होता. दोन तास फिरलो प्राची, दहा फुटांपलीकडे दिसत नव्हतं. सापडला शेवटी. मला वाटलं होतं, दोघंही जातो."

"आणि ऑफिस?"

"ऑगस्टमध्ये गेलं. आमची सगळी टीमच काढली."

ऑगस्ट. साखरपुड्याच्या पुढच्याच महिन्यात. प्राचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सहा महिने? सहा महिने तू मला हॉलचे फोटो बघून 'छान आहे, छान आहे' म्हणतोयस? उद्या मी राजीनामा देणार होते यशोधन! उद्या! इथलं सगळं सोडून तिथे येऊन काय बघायचं होतं मी? तू झोपड्या ओढतोस याची लाज नाही वाटत मला, ऐकतोयस ना? आमच्याकडे चिखलात गुडघाभर उभी राहणारी माणसं येतात रोज, त्यांना चहा मी स्वतः देते. पण तू मला सांगितलं नाहीस!"

"मग जीपीएस कशाला विचारला तुला?" तो हळूच म्हणाला. "इथे दुकानं नाहीत का? मला माहीत होतं, तू चार प्रश्नांत ओळखशील. रोज एक गोष्ट खरी सांगत होतो. मला तोंडाने सांगता येत नव्हतं."

"का? तोंडाला काय झालंय?"

तो हातातला मोजा उलटासुलटा करत राहिला.

हा तर भित्रेपणाचा कळस झाला, असं प्राचीला वाटलं. म्हणजे शोध मी लावायचा, रात्रभर तळमळायचं मी, आणि हा नामानिराळा! पण तो अगदी रडकुंडीला आला होता, आणि त्या सोललेल्या नाकाकडे बघून तिला दयाही आली. त्याचाही तिला रागच आला.

"ठीक आहे. मला तोंडाने नाही ना सांगितलंस? आता बाबांना सांग. तोंडानेच."

"तुझ्या बाबांना नको," तो दचकून म्हणाला. "प्राची, थांब, ऐक माझं. काकांना नको..."

ती ऐकायला थांबलीच नाही. फोन हातात धरून तरातरा पुढच्या खोलीत गेली. सुधाकरराव पोहे खात पेपर वाचत होते. तिने फोन त्यांच्यासमोरच्या तांब्याला टेकवून उभा केला.

"अरे वा, जावईबापू!" ते खुलले. "काय म्हणतंय तुमचं उणे तीस?"

"बोल," प्राची म्हणाली.

मग यशोधन म्हणाला, "काका, मी प्राचीला सांगितलं. नोकरीचं."

प्राची बाबांकडे बघत होती. आता ते ओरडतील. पोहे बाजूला सारतील, आईला हाक मारतील, छातीला हात लावतील. बाबांना कसं सांभाळायचं ते ती दोन दिवस मनात घोकत होती.

सुधाकररावांनी चमचा ताटलीत ठेवला. प्राचीकडे त्यांनी बघितलं नाही.

"अरे बेटा," ते फोनला म्हणाले, अगदी दबक्या आवाजात, "आपलं काय ठरलं होतं? लग्न होईपर्यंत नाही म्हणून तू मला शब्द दिला होतास ना?"

स्वयंपाकघरात नळ चालू होता. तो बंद झाला आणि सुहासिनीबाई हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कधीपासून?" प्राचीने विचारलं. "बाबा, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"सप्टेंबर," सुधाकरराव म्हणाले. "त्यानेच फोन केला होता मला. म्हणाला, काका, लग्न पुढे ढकलू, मी प्राचीला सांगतो. मीच म्हटलं थांब. अगं, नोकऱ्या काय, जातात येतात. मुलगा चांगला आहे. हॉल बघायला लागलो होतो, चार लोकांत सांगून बसलो होतो. तुला एकतीस पूर्ण झाली बेटा. मला वाटलं, तुला कळलं तर तू..."

"तर मी राजीनामा देणार नाही."

"तुझ्या भल्यासाठीच गं..."

"पाकीट तुम्ही आणून दिलंत मला!"

ती ओरडली नाही, पण सुधाकररावांनी मान खाली घातली आणि पेपराची घडी घालायला लागले. घडी नीट बसेना. प्राचीला रडू फुटलं. ते तिने लपवलं नाही. जगभरच्या माणसांवर संशय घ्यायला ती शिकली होती, पण या खुर्चीवर बसलेल्या माणसाला एकदाही साधा प्रश्न विचारायचं तिला सुचलं नव्हतं. आणि तो तिकडचा, बर्फात नाक सोलवून घेणारा, या माणसाला दिलेला शब्द पाळता पाळता तिला रोज एक एक खरं पाठवत बसला होता.

"प्राची," बाबा म्हणाले. "बस जरा. आपण शांतपणे..."

"तुमच्याशी मी नंतर बोलेन," ती म्हणाली. "आणि उद्या मी कामावर जाणार आहे, रोजच्यासारखी. लग्न करायचं की नाही ते मी याला सांगेन. तुम्हाला नाही."

तिने फोन उचलला, आईच्या बाजूने निघून बाल्कनीत गेली आणि दार ओढून घेतलं. खाली दूधवाला भिया कुणाशी तरी हुज्जत घालत होता. तिने ओढणीने डोळे पुसले आणि फोन समोर धरला. यशोधन तसाच बसून होता.

"आता ऑगस्टपासून सांग," ती म्हणाली. "एकही दिवस गाळू नकोस."