चौदावा परिच्छेद

दारावरची बेल चिमणीसारखी चिवचिवली आणि धुक्यात बुडालेलं घर दचकलं. सुनेत्राचा ज्ञानदाच्या केसांतला कंगवा थांबला. रात्रपाळी करून आल्यावर तिला जेमतेम दीड तास झोप मिळाली होती. शाळांना धुक्याची सुट्टी होती. अर्धी वेणी घातलेली पाच वर्षांची ज्ञानदा तिच्या हातातून निसटून दाराकडे धावली.

दारात बीजी उभ्या होत्या. अंगावर तपकिरी शाल, पायात पुरुषी बूट, हाताला नात. हरलीनच्या नाकाचा शेंडा थंडीने लाल झाला होता. मनीमाजऱ्याहून बस बदलत आल्या असणार.

“सो तो नहीं रही थी, डॉक्टरनी?”

“नहीं बीजी, आइए. इतक्या धुक्यात...” पुढचं वाक्य मराठीतच राहून गेलं.

बीजींनी शालीच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक. शेवटच्या पिशवीतून टाचण मारलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा निघाला.

“हाईकोर्ट का फैसला है, पुत्तर. कल नकल मिली. पढ़ दे.”

सुनेत्राने मुलींना आतल्या खोलीत पाठवलं. खडूंचा डबा दिला, हीटर त्यांच्याकडे वळवला, दार लोटून घेतलं. ते पूर्ण लागत नव्हतं. पावसाळ्यात फुगलं होतं, अजून तसंच होतं.

बीजींची मुलगी कमलजीत सहा वर्षांपूर्वी सुनेत्राच्या वॉर्डात जळून आली होती आणि तिसऱ्या दिवशी गेली. जाण्याआधी तिने मॅजिस्ट्रेटला जबाब दिला होता. स्टोव्ह फुटला नाही, नवऱ्याने रॉकेल ओतलं. त्या वेळी खाटेजवळ उभी असलेली शिकाऊ डॉक्टर म्हणजे सुनेत्रा. त्या जबाबावर सेशन्स कोर्टाने नवऱ्याला जन्मठेप दिली. तो बुडैलच्या जेलमध्ये गेला. हरलीन आजीकडे वाढली. कान दुखला, टॉन्सिल सुजले, की बीजी तिला घेऊन सुनेत्राच्या ओपीडीत यायच्या आणि रांगेतल्या लोकांना सांगायच्या, ‘ये अपनी डॉक्टरनी है.’

गेल्या पंधरवड्यात हायकोर्टाने त्याला सोडलं होतं.

“छूट गया, ये तो मालूम है,” बीजी म्हणाल्या. “क्यों छूटा, ये कोई नहीं बताता. वकील कहता है, शक का फायदा. किसका शक? मुझे तो कोई शक नहीं.”

सुनेत्राचा नवरा शिशिर हातात हेल्मेट घेऊन आतून आला. सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत त्याला दहाला पोचायचं होतं, पण धुकं निवळेपर्यंत स्कूटर काढण्यात अर्थ नव्हता. त्याने बीजींना नमस्कार केला, चहा आणि बशीत खारी, खुसखुशीत मठरी आणून ठेवली आणि सुनेत्राच्या खुर्चीमागे उभा राहिला.

बीजींनी कप दोन्ही हातांत धरला. चहा प्यायला नाही, हात शेकत बसल्या. मग कुणी न विचारताच सांगू लागल्या. सतरा सेक्टरच्या कोर्टाच्या इमारतीतले पहिले जजसाहेब म्हणाले होते, खुनाचा खटला माझ्या हातातला नाही, वर पाठवतो. वर म्हणजे त्याच सतरा सेक्टरात, सेशन्सच्या जजसाहेबांकडे. त्यांनी ऐकून घेतलं. दीड वर्ष ऐकलं. बीजी रडल्या तेव्हा त्यांनी शिपायाकडून पाणी मागवलं होतं.

“और ये एक सेक्टर के हाईकोर्ट वाले,” बीजी म्हणाल्या, “इन्होंने तो किसी को बुलाया ही नहीं. मैं पिछली बेंच पर बैठी थी. मेरी तरफ देखा तक नहीं, पुत्तर. बस कागज पलटते रहे.”

“ऊपर ऐसा ही होता है, बीजी. नीचे जो लिखा गया, वही पढ़ते हैं.”

“और दिल्ली वाले?”

“वो भी.”

बीजींनी मान हलवली. दिल्लीला जायला नव्वद दिवस असतात असं वकिलाने सांगितलं होतं. त्यांतले तेरा गेले होते. आणि परवा जावयाचा भाऊ येऊन गेला होता. दारातूनच बोलला. बापाला मुलीचा हक्क आहे, कपडे बांधून ठेवा. बीजींनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“उसको अभी नहीं बताया.”

सुनेत्राने गठ्ठा उघडला. आधी स्वतःशीच चाळून घ्यावा म्हणून ती भराभर पानं उलटू लागली. सातव्या पानावर तिचा हात थांबला. तिथे तिचं नाव होतं. शिशिरला ते तिच्या खांद्यावरून दिसलं.

“हे वाचू नकोस,” तो मराठीत म्हणाला. चेहऱ्यावरचं पाहुण्यांसाठीचं हसू त्याने तसंच ठेवलं. “चौदावा सोड. पंधरापासून वाच.”

“शिशिर.”

“अगं, त्यांना काय फरक पडणार आहे? सुटायचा तो सुटला. आणि पुढच्या महिन्यात तुझी पक्क्या जागेची मुलाखत आहे. उद्या त्यांचा वकील हॉस्पिटलात येऊन उभा राहिला तर?”

“हळू बोल.”

“त्यांना कुठे मराठी येतंय!”

बीजी दोघांकडे आळीपाळीने बघत बशीतल्या मठरीचे तुकडे करत होत्या. खात नव्हत्या.

सुनेत्रा वाचू लागली. इंग्रजीतलं एकेक वाक्य मनात उलटवून हिंदीत सांगत. पहिला परिच्छेद, दुसरा. कुठल्या तारखेला काय घडलं, किती टक्के भाजलं होतं, शेजारी काय म्हणाले. बीजी खुर्ची ओढून जवळ आल्या आणि कागदाच्या कडेला त्यांनी बोट ठेवलं. इंग्रजी अक्षर त्यांना एकही येत नव्हतं. बसवरचे नंबर ओळखण्यापुरते आकडे मात्र येत होते. सुनेत्रा एका परिच्छेदावरून दुसऱ्यावर गेली की ते बोटही समासातल्या पुढच्या आकड्यावर सरकायचं. नऊ. दहा. बाराव्यात कमलजीतचा जबाब जसाच्या तसा होता. तो वाचताना सुनेत्रा दोनदा खाकरली. बीजींचं बोट हललं नाही.

तेरावा संपला. सुनेत्राने श्वास घेतला आणि पंधराव्याचं पहिलं वाक्य सांगितलं.

बोट चौदावरच होतं.

“चौदह?”

“वो... कानून की बातें हैं, बीजी. दूसरे केसों के हवाले.”

“वकील ने कहा था, चौदह में है सब. पूछा, क्या है? बोला, डॉक्टर से ही पढ़वा लो.”

 आत ज्ञानदा हरलीनला दटावत होती, “पहाड़ ब्लू नहीं होता, यार!” शिशिरने हेल्मेट हळूच टेबलावर ठेवलं.

“पढ़ दे, पुत्तर,” बीजी म्हणाल्या. “जो भी है.”

सुनेत्राने वाचलं. सरकारी पक्षाच्या साक्षीदार क्रमांक नऊ, डॉक्टर सुनेत्रा केळुसकर, यांनी जबाबाच्या कागदावर ‘रुग्ण शुद्धीवर आहे’ एवढाच शेरा लिहिला आहे. जबाब देण्याइतकी तिची मनःस्थिती ठीक होती, असं कुठेही नमूद नाही. ही गोष्ट साक्षीदाराने उलटतपासणीत मान्य केली आहे. वेदनाशामक इंजेक्शनामुळे रुग्णाचं भान धूसर होऊ शकतं, हेही मान्य केलं आहे. तेव्हा केवळ या जबाबाच्या आधारावर शिक्षा कायम ठेवणं सुरक्षित होणार नाही.

‘मान्य केली आहे’ हे तिने हिंदीत सांगितलं, तेव्हा तिच्या अंगठ्याखाली कागदाची कड दुमडली गेली.

त्या दिवशी वॉर्डात मॅजिस्ट्रेट खाटेशी स्टुलावर बसून लिहीत होते. मुलं किती, त्यांनी विचारलं. एक मुलगी. मग त्यांनी लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलं, एक मुलगी, वय वर्ष एक. आणि ओठ फुटलेली, पापण्या जळालेली कमलजीत तिथून म्हणाली होती, “ग्यारह महीने.” त्यांना खोडून पुन्हा लिहायला लावलं होतं. मग सुनेत्राकडे डोळे वळवून म्हणाली होती, बाटली उकळून घ्यायला सांगा, बीजी विसरतात. यापेक्षा शुद्ध भान कुठलं असतं? पण शेरा लिहिताना सुनेत्राने वॉर्डात नेहमी लिहायचे तेच ठराविक शब्द लिहिले. पुढच्या खाटेवर सलाइन संपत आलं होतं.

ते सांगायची वेळ नंतर आली होती. सेशन्स कोर्टात ती साक्षीला उभी राहिली तेव्हा ज्ञानदा सात आठवड्यांची होती. शिशिर तिला घेऊन बाहेर व्हरांड्यात थांबला होता. बारा वाजता पुकारा होणार होता, तो झाला पावणेतीनला. बचावाच्या वकिलांनी पहिला प्रश्न विचारला आणि बाहेरून रडणं सुरू झालं. भुकेचं. ते ती झोपेतही ओळखत होती. छाती दगडासारखी झाली, मग पाझरली. पांढऱ्या कोटाआडून ओल खाली उतरत गेली. समोरचे वकील विचारत होते, हे खरं आहे ना, की तुम्ही असं कुठेही लिहिलेलं नाही? खरं आहे. हेही खरं ना, की या इंजेक्शनाने भान जाऊ शकतं? जाऊ शकतं. अकरा महिन्यांचं ते वाक्य तिच्या जिभेवर होतं. सरकारी वकिलांनी घड्याळ बघितलं आणि आपल्याला काही विचारायचं नाही असं सांगितलं. तेव्हा जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं. चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “डॉक्टर साहिबा, और कुछ कहना चाहती हैं?”

नो सर, ती म्हणाली होती. आणि जवळजवळ पळतच बाहेर आली होती.

“आगे?” बीजींनी विचारलं.

“आगे बस... बरी. छोड़ दिया.”

बीजींनी बोट काढून घेतलं. मठरीचे तुकडे बशीत एका बाजूला सारले. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसेल म्हणून सुनेत्रा थांबली होती. राग दिसला असता तर तिला काही बोलता आलं असतं.

“बीजी, उस दिन मैं...”

“मुझे याद है वो दिन,” बीजी म्हणाल्या. “तेरी ये मेरे पास थी.”

शिशिरने मान खाली घातली. रडणाऱ्या बाळाला कसं धरायचं हे त्याला तेव्हा कळत नव्हतं, आणि बाकावरची एक अनोळखी बाई हात पुढे करून म्हणाली होती, ला पुत्तर, मुझे दे.

“बहुत झुलाया,” बीजी म्हणाल्या. “उंगली चुसाई. चुप ही नहीं हुई. बाद में सोचती रही, दरवाजे के पास क्यों खड़ी रही मैं? नीचे ले जाती. पेड़ के नीचे. अंदर आवाज तो न जाती.”

“बीजी, नका हो...” सुनेत्रा मराठीतच म्हणाली आणि तिने बीजींचा हात धरला. हात अजून गार होता.

बीजींनी तो सोडवून घेतला नाही. काही वेळाने त्यांनी मोकळ्या हाताने गठ्ठा उलटा केला. शेवटच्या पानाची मागची बाजू कोरी होती. तो कोरा कागद त्यांनी सुनेत्रापुढे सरकवला.

“अब लिख दे. कि वो होश में थी, समझ के बोल रही थी. मैं दिल्ली ले जाऊंगी.”

शिशिरने वर पाहिलं. सुनेत्राने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने टेलिफोनजवळचं पेन उचललं आणि लिहायला सुरुवात केली. तारीख, कमलजीतचं नाव, वॉर्ड. मॅजिस्ट्रेटने एक वर्ष म्हटलं, तिने अकरा महिने म्हणून दुरुस्त करून घेतलं. बाटलीचंही लिहिलं. माझ्या मते ती पूर्ण भानावर होती, हे मी साक्षीत सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. खाली सही केली, हुद्दा लिहिला. नुसती सही पुरली असती.

“चलेगा ना?” बीजींनी विचारलं.

“बीजी, ऊपर नया कागज नहीं लेते. मैंने लिख दिया है. पर शायद... कोई पढ़ेगा नहीं.”

बीजींनी कागदावर फुंकर घातली. शाई वाळली तसा गठ्ठा पहिल्या पिशवीत घातला. ती दुसरीत, दुसरी तिसरीत.

“तूने तो लिखा ना,” त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “हरलीन! चल, बस निकल जाएगी.”

हाक मारायची गरज नव्हती. न लागणारं दार हातभर उघडं होतं आणि हरलीन उंबऱ्यात उभी होती. किती वेळ, ते कळायला मार्ग नव्हता. निळा खडू तिच्या मुठीत अर्धा मोडला होता. तिच्यामागून ज्ञानदा डोकावत होती, एक वेणी घातलेली, एक सुटलेली.

“आ, टोपी पहन,” बीजी म्हणाल्या.

हरलीनने टोपी घेतली नाही. ती चालत सुनेत्राच्या खुर्चीपाशी आली. ओपीडीत कान दाखवायला यायची तशी, अगदी जवळ. मान वर करून तिने विचारलं,

“आंटी, जज अंकल को ऐसा लगा कि मम्मा झूठ बोल रही थी?”