राखाडी चिंधी आणि निळं मांजर

ठमीची आत्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात रंग जुळवायची. गिऱ्हाईक नमुन्याचा तुकडा देई आणि नव्या ताग्याचा रंग त्याच्याशी जुळला की नाही, हे आत्याचे डोळे ठरवत. त्यामुळे ठमीसाठी लॅपटॉप घ्यायला निघताना तिने पर्समध्ये कारखान्यातल्या राखाडी कापडाची चिंधी टाकली, यात घरात कुणाला काहीच वावगं वाटलं नाही.

"राखाडीच का गं?" ठमीने विचारलं.

"महाचुगलखोर रंग! पिवळ्याचा थेंब पडला तरी सांगतो, निळ्याचा पडला तरी सांगतो."

युक्ती आत्याचीच होती. आदल्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात चिंधी हातात धरली आणि ठमीला मोबाइलवर तिचा फोटो काढायला लावला. दुकानातल्या लॅपटॉपवर तो फोटो उघडायचा, शेजारी खरी चिंधी धरायची. दोन्ही सारख्या दिसल्या की लॅपटॉप आपला. ठमीला हे इतकं आवडलं की रात्री झोपच लागेना.

गरजही तशीच होती. ती डिझाइनच्या पहिल्या वर्षाला होती. मामेभावाच्या जुन्या लॅपटॉपवर तिने विटकरी रंगाचं पोस्टर केलं आणि छापून आलं ते उकडलेल्या गाजरासारखं. "छान. भूक लागली," एवढंच सर म्हणाले. आता घरी येईल त्या पडद्यावर भरवसा ठेवून पुढची सगळी वर्षं काढायची होती. आईबाबांनी आकडा ठरवून दिला होता. निवड चुकली तर बदलून दुसरा मिळण्याची सोय नव्हती.

दुकानात टाय लावलेला विक्रेता पुढे आला. सोळा जीबी रॅम हवी, वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं आणि सगळं ठरल्या आकड्यात हवं, असं ठमीने सांगितल्यावर भिंतभर लॅपटॉपांपैकी दोनच उरले. एक चंदेरी, पातळ, नुसता चकाकणारा. दुसरा मागच्या वर्षीचा, काळा, जाडजूड. आत्याने जागच्या जागी त्यांची नावं ठेवली: नवरदेव आणि रेडा.

"काकू, रेडा का म्हणताय?" विक्रेत्याचा चेहरा पडला. "उत्तम मशीन आहे."

"रेडाही उत्तमच असतो रे बाळा. दोघांवर हा फोटो उघड बघू."

रेड्यावर फोटो उघडला. आत्याने चिंधी पडद्याला लावली आणि नाक मुरडलं. "कावीळ झालीय याला."

खरंच, पडद्यावरची चिंधी पिवळट दिसत होती. नवरदेवावर मात्र फोटोतली चिंधी आणि हातातली चिंधी जणू जुळ्या बहिणी. आत्याने टाळी वाजवली, ठमीने उडी मारली, आणि विक्रेत्यालाही कारण न कळता हसू फुटलं.

"बिल कर रे!" आत्याने फर्मावलं.

तो बिल करायला वळला. तेवढ्यात आनंदाच्या भरात ठमीने नवरदेवावर मोबाइलमधला पुढचा फोटो उघडला. शेजारणीचं मांजर, गॅलरीत, भर दुपारी पसरलेलं.

"आत्या, हे मांजर कसलं आहे?"

"पांढरं. म्हणजे... अगं बाई, हे निळं कसं झालं?"

मांजर निळसर होतं. नीळ घातलेल्या बादलीतून नुकतंच काढल्यासारखं. ठमीने तोच फोटो रेड्यावर उघडला. तिथे मांजर स्वच्छ पांढरं होतं, मिशीसकट.

ठमीने पुन्हा चिंधीचा फोटो उघडला. मग हळूच म्हणाली, "आत्या, काल चिंधीचा फोटो काढताना स्वयंपाकघरात पिवळा बल्ब चालू होता ना?"

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. फोटोच पिवळा होता. रेड्याने तो प्रामाणिकपणे पिवळा दाखवला. नवरदेवाचा पडदा मुळातच निळसर. त्याच्या निळ्याने बल्बचा पिवळा झाकून टाकला. बल्बखाली रंग बघायचा नाही, यावरून कारखान्यात रोज सगळ्यांवर डाफरणारी बाई ती हीच.

"थांबव रे बिल!" ठमी ओरडली.

"पण रेडा खरंच खरा, हे कशावरून?" आत्या अजून चिवटच. "मांजराला काय, ऊन लागलं की तेही पिवळं दिसेल."

एकच उपाय होता आणि तो आत्याला मुळीच आवडणारा नव्हता. कारखान्याच्या लॅबमध्ये रंग मोजून आकडे देणारं यंत्र होतं. ते चालवणाऱ्या बाईशी आत्याचा जुना वाद होता: खरे डोळे की खरं यंत्र? आत्याने तिला फोन लावला.

"आपल्या त्या राखाडीचे आकडे दे गं. लाल, हिरवा, निळा."

"कोण बोलतंय? डोळेवाली?" पलीकडून आवाज आला. "डोळ्यांना काय झालं?"

"काही नाही! भाचीला हवेत."

"अगंबाई! इकडे या गं सगळ्या, आपल्या बाईंना यंत्र आठवलं!"

फोनमधून हास्याचा असा लोट आला की आत्याने फोन विक्रेत्याच्या हातात कोंबला. आकडे ऐकून त्याने ते दोन्ही लॅपटॉपवर भरले आणि पडदे राखाडी रंगाने भरून गेले. आत्या म्हणाली की रंग दिवसाच्या उजेडातच बघायचा, आणि कुणी हो म्हणायच्या आत रेडा उचलून दाराकडे निघाली.

त्याला चोरीविरोधी तार बांधलेली होती.

भोंगा असा काही ठणाणला की रखवालदार धावत आला. विक्रेता ओरडला, "काकू, तार!" आत्या ओरडली, "उजेड!" आणि ठमी दोघांच्या मधे चिंधी नाचवत, हसून हसून वाकलेली. अखेर विक्रेत्याने तार सोडवली, नवरदेवही आणला, आणि चौघंही दाराजवळच्या खिडकीच्या उजेडात वाकून उभी राहिली.

नवरदेवावर चिंधी लगेच दिसली. त्याच्या निळसर पडद्यावर ती मातकट ठिपक्यासारखी उठून दिसत होती. मग ठमीने रेड्याच्या पडद्याचा उजेड कमी करत नेला आणि चिंधी मधोमध ठेवली.

"कुठे गेली?" रखवालदाराने विचारलं.

चिंधी दिसेनाशी झाली होती. काठावरचे दोन सुटे धागे तेवढे राहिले होते.

"आता बिल कर," आत्या म्हणाली. "रेड्याचं."

रस्त्यावर आल्यावर पिशवीचा एक बंद ठमीच्या हातात, दुसरा आत्याच्या.

"यापुढे माझी वीट विटेसारखीच छापून येणार!" ठमी म्हणाली. "आणि सरांना भूक लागणार नाही!"

"उद्या कामावर मला जगू देणार नाहीत," आत्या कुरकुरली. मग तिलाच हसू आवरेना. दोघींच्या मधे रेडा झोके घेत चालला.