कॉर्बिनविरुद्धचे पाच

चर्चमधून आल्या आल्या मार्लीनने हॅम ओव्हनमध्ये सरकवलं आणि दार असं आपटलं की आतला ट्रे खणखणला. गॉर्डनने मान वर केली नाही. चर्चचा शर्ट अंगात तसाच ठेवून तो जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. तीस वर्षं विमा कंपनीसाठी गारांनी चेपलेली छपरं तपासली, आणि निवृत्त झाल्यापासून या गृहस्थाने एकच धंदा धरला होता: रोजच्या बेसबॉल सामन्यांतून खेळाडू निवडून पैशांच्या ऑनलाइन स्पर्धेत आपला संघ लावायचा.

"आज कोणते पाच?" मार्लीनने विचारलं.

कोणते ते तिला ठाऊक होतंच.

एकाच संघाचे, पाठोपाठ खेळायला येणारे पाच फलंदाज घ्यायचे, ही त्याची रीत. समोरचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एकदा झोडपला गेला की पाचही जणांचे गुण धडाधड वाढतात. म्हणजे आधी झोडपला जाणारा पिचर हेरायचा, आणि त्यात गॉर्डनचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचा कॉर्बिन या मोसमात पहिल्यांदाच मोठ्या लीगमध्ये आला. सात सामन्यांत सुरुवातीचा पिचर तोच होता, आणि सातही वेळा बापाने हेरलेला पिचर हा पोटचा पोरगाच होता.

मार्लीनला हे मंगळवारी कळलं, तेही कॉर्बिनच्या तोंडून. त्याने आठ धावा दिल्या त्या दिवशी ऑनलाइन स्पर्धेत तिसरा आलेला, 'गारपीटवाला' नावाने खेळणारा माणूस कोण, हे त्याच्या संघातल्या कुणीतरी शोधून काढलं होतं. त्या माणसाच्या पाच फलंदाजांची यादी छापून ड्रेसिंग रूममधल्या कॉर्बिनच्या कपाटावर चिकटवली होती. वर लाल शाईने लिहिलं होतं, 'अभिनंदन, डॅड!' तेव्हापासून मार्लीनचं डोकं नुसतं भणभणत होतं.

"मनाची तयारी म्हणून करतो गं," गॉर्डन एकदाचा बोलला. "तो हरला तर निदान काहीतरी हाताला लागतं. जिंकला तर जिंकलाच की! सगळेच करतात असं."

"सगळे? पोराविरुद्ध पैसे लावणारा एक बाप दाखव मला. एक!"

"मी नाही लावले म्हणून ते पाच जण मारायचे थांबणारेत का? आकडे बघ ना जरा. आज वारासुद्धा बाहेरच्या बाजूला, फटके लांब जाणार..."

"चुलीत गेले तुझे आकडे! तो नऊ वर्षांचा होता तेव्हा मागच्या अंगणात उपड्या बादलीवर बसून त्याचे चेंडू कोण झेलायचं? तेव्हा बघितलेस आकडे? आज चारच्या सामन्यात तो हरला ना, तर परत खालच्या लीगमध्ये पाठवतील त्याला. आणि तू इथे बसून टाळ्या वाजवणार!"

"टाळ्या नाही वाजवत मी."

"तिसरा आलास तेव्हा मला पिझ्झा खायला नेलंस, मेल्या! मी खाल्लासुद्धा!"

हे सांगताना तिचा आवाज फाटला. त्या पिझ्झ्याची तिला सगळ्यात जास्त चीड होती. गॉर्डनने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग दात उपटावेत तसं एकेक करून त्याने पाचही नावं काढून टाकली, आणि पिचरच्या जागी कॉर्बिनला घेतलं. मोसमात पहिल्यांदाच.

"झालं समाधान?"

मार्लीनला खरंच बरं वाटलं. मंगळवारपासून मुलगा बापाशी बोलला नव्हता. तिने लगेच त्याला फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"कॉर्बिन, ऐक ना. डॅडने आज तुला घेतलंय. पिचर म्हणून, खरंच!"



"त्याला सांग, नको घेऊस," कॉर्बिन हळूच म्हणाला. "बोटाला फोड आलाय, मॉम. सकाळी फुटला. इथे कुणाला सांगितलं नाहीये मी. सांगितलं तर आज खेळवणारच नाहीत, आणि ही शेवटची संधी आहे."

"अरे बाळा..." मार्लीनने एवढंच म्हटलं.

"कुठलं बोट?" गॉर्डनने विचारलं.



"मधलं, डॅड," कॉर्बिन म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मधल्या बोटाशिवाय त्याचा चेंडू वळत नाही, आणि चेंडू वळला नाही तर कॉर्बिनकडे दुसरं काही नाही. हे गॉर्डनइतकं या जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. बादलीवर बसून त्यानेच तर शिकवलं होतं.

"काळजीने विचारलं मी!" गॉर्डन ओरडला. "बाप आहे मी त्याचा! बघतेस काय अशी?"

मार्लीन टेबलाला वळसा घालून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. स्क्रीनवर पिचरची जागा रिकामी होती, आणि पाचांतली दोन नावं परत आली होती.