त्याचे दोन सेल

धाकट्याला हॉस्पिटलात आणलं तेव्हा चेंबर रिकामं होतं, तयार होतं, आणि त्याचा काहीएक उपयोग नव्हता. त्या दिवसातली हीच गोष्ट तिला सगळ्यात जास्त डाचायची. चेंबर म्हणजे आडव्या पिंपासारखी लोखंडी खोली. पाण्यातून घाईनं वर आलेल्या माणसाच्या रक्तात बुडबुडे होतात. ते जिरवण्यासाठी त्याला त्या खोलीत कोंडून हवेचा दाब वाढवतात आणि मास्कनं शुद्ध ऑक्सिजन देतात. हे सगळं बाहेरच्या पॅनेलवरून ती चालवायची, म्हणून हॉस्पिटलात तिला चेंबरवाली म्हणत. किती परक्या माणसांना तिनं तिथून पायी चालत घरी पाठवलं होतं. सख्खा भाऊ आला तो तोंडावर चादर ओढूनच.

धाकटा शहराबाहेरच्या, पाण्यानं भरलेल्या जुन्या दगडखाणीत डुबक्या शिकवायचा. नोकरी कप्तानाकडे. कप्तान बोटीवरचा कप्तान कधीच नव्हता, पण डायव्हिंगची शाळा काढल्यापासून हे नाव त्यानं स्वतःलाच चिकटवून घेतलं होतं. भरघोस मिशा, मोठा आवाज, पाठीवर थाप मारायची सवय. धाकटा त्याच्यावर जीव टाकायचा.

तिथं उतरायचे ते रीब्रीदरवर. साधी टाकी पाठीला लावून उतरलेला माणूस श्वास सोडतो तो बुडबुड्यांतून वाया जातो. रीब्रीदरमध्ये श्वास बाहेर पडतच नाही. सोडलेली हवा चुन्याच्या डब्यातून फिरते, तिथं तिच्यातला दूषित वायू शोषला जातो. खर्च झालेला ऑक्सिजन मशीन भरून काढतं आणि तीच हवा पुन्हा तोंडात येते. ऑक्सिजन किती आहे हे मोजायला अंगठ्याएवढे तीन सेल असतात. तीन एवढ्यासाठी, की एक बिघडला तर बाकीच्या दोघांवरून कळावं. पण सेल म्हातारे झाले की कमी दाखवायला लागतात, आणि दोन म्हातारे एकच खोटं बोलले तर मशीन त्यांचंच खरं मानतं. खरं सांगणाऱ्या तिसऱ्याला बाजूला सारून ऑक्सिजन सोडत बसतं. खोल पाण्यात जास्तीचा ऑक्सिजन म्हणजे विष. ओठ फडफडतात, फीट येते, तोंडातली नळी सुटते.

मरायच्या आदल्या आठवड्यात जेवताना धाकटा म्हणाला होता, "ताई, माझ्या मशीनचे दोन सेल ढिले पडलेत गं. कप्तान म्हणतो, सीझनभर चालव, मग बघू."

"वेडा आहेस का? ते बदलल्याशिवाय उतरू नकोस."

"अगं, तो कप्तान आहे. त्याला कळत नसेल का?"

ती आणखी बोलली असती, पण आईनं पानावर भांडू नका म्हणून दोघांनाही गप्प केलं.

चौकशी झाली. धाकट्याबरोबर उतरलेल्या शिकाऊ माणसानं सांगितलं, आधी ओठ थरथरले, मग अंग ताठ झालं. ऐकताक्षणी तिला सगळं कळलं. पण मशीन पोलिसांच्या ताब्यात जाण्याआधी एक रात्र कप्तानाच्या शेडमध्ये होतं, आणि उघडलं तेव्हा आत तिन्ही सेल कोरे करकरीत निघाले. कप्तानानं डोळे पुसत सांगितलं, "पोरगं गुणी होतं, पण घाईचं. उतरण्याआधीची तपासणी टाळायचं. मी किती वेळा कानीकपाळी ओरडलो." कप्तानाकडेच कामाला असलेल्या बोटवाल्यानं मान हलवली, म्हणाला, कप्तान म्हणतात ते बरोबर आहे. ती उठून जेवतानाचं बोलणं सांगायला लागली तेव्हा चौकशीचे साहेब मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो." चूक धाकट्याची ठरली. मेलेल्या माणसाच्या गळ्यात सगळं घालून मंडळी मोकळी झाली.

आईनं त्या दिवसापासून बोलणं जवळजवळ टाकलं. चेंबरवाली मात्र रडली नाही. काही महिन्यांनी ती कप्तानाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मला शिकवा," ती म्हणाली. "तो जिथं गेला ती जागा मला एकदा बघायचीय."

कप्तान क्षणभर चपापला. मग त्याच्या लक्षात आलं असावं की मयताची बहीणच आपल्याकडे शिकायला आली, निर्दोषत्वाचा याहून मोठा पुरावा कोणता असणार? त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "या ताई. आजपासून मी तुमचा भाऊ समजा."

तिनं मान खाली घातली. वर केली असती तर डोळे दिसले असते.

ती शिकली, आणि झटून शिकली. दाब, वायू, झडपा हा तिचा रोजचाच विषय होता. हळूहळू सुट्टीच्या दिवशी शेडमधल्या मशीनची देखभालही तिच्याकडे आली, त्यात कप्तानाच्या मशीनचीही. तो निर्धास्त होता. शिकाऊ लोकांसमोर सांगायचा, "खाली काहीही झालं तरी पहिलं काय करायचं? थांबायचं. श्वास घ्यायचा. आकडे बघायचे. आकडे न बघता पळाला तो मेला." धाकट्याचा विषय निघाला की उसासा सोडून म्हणायचा, "आकडे बघितले असते तर आज असता."

हे वाक्य ती दर सुट्टीला ऐकायची, आणि हातातला पाना हातातच ठेवायची.

तिनं ठरवलं होतं ते अगदी साधं होतं. चेंबरमधला ऑक्सिजन मोजायलाही असेच सेल लागतात; हॉस्पिटलात उतरवून ठेवलेल्या जुन्या सेलमधले याच जातीचे दोन तिनं मागून घेतले होते. ते कप्तानाच्या मशीनमध्ये घालायचे, त्याला तितक्याच खोल पाण्यात न्यायचं, आणि ओठ फडफडताना बघायचे. त्यासाठी दिवसही ठरला. शिक्षण संपलं म्हणून कप्तान स्वतः तिला धाकटा गेला त्या जागी घेऊन जाणार होता.

पण तयारी करताना, सेल तळहातावर घेऊन ती शेडच्या बाकावर बसून राहिली. दया वगैरे आली नव्हती. तिला एवढंच उमगलं की असा मेला तर तो सुखात मरेल. का मरतोय हेही त्याला कळणार नाही. वर शाळेत त्याचा फोटो लागेल, हार चढेल, आणि धाकटा मात्र घाईचा तो घाईचाच राहील. मेलेला माणूस काही कबूल करत नाही. तिनं ते दोन्ही सेल हातोड्यानं चेचून कचऱ्यात टाकले आणि कप्तानाच्या मशीनला तीन नवे बसवले. मग लिहायची पाटी आणि पेन्सिल कमरेला अडकवली.

सकाळ स्वच्छ होती. बोटवाला बोटीत बसून राहिला आणि दोघं खाली गेली. तीस मीटरवर खाणीचा तळ लागला. तिथं एक जुनी क्रेन गंजून पडली होती. तिच्या शेजारीच धाकटा सापडला होता. कप्तानानं बोटानं जागा दाखवली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तिनं घाई केली नाही. क्रेनला वळसा घातला, मग आणखी एक. दगडांवरून हात फिरवत राहिली. कप्तानाला वाटलं, बहीण आहे, बघू दे मन भरून. मनगटावरच्या कॉम्प्युटरवर ती दुसरंच बघत होती. इथं जितका वेळ जाईल तितका वायू रक्तात मुरतो आणि वर जाताना वाटेत तितकं थांबावं लागतं. आता सरळ वर जाणाऱ्याचं काय होईल हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढा वेळ झाल्यावर तिनं पाटी काढली, लिहिलं आणि त्याच्या काचेसमोर धरली.

*तुझ्या मशीनमध्ये त्याचे दोन सेल घातलेत.*

इतके दिवस अहो-जाहो केलेल्या माणसाला तिनं पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं.

कप्तानानं वाचलं. काचेमागचे डोळे एवढे मोठे झाले. त्याच्या मास्कपाशी मशीनचा हिरवा दिवा सगळं ठीक असल्याचं सांगत शांतपणे लुकलुकत होता. मनगटावर तीन आकडे होते, तिन्ही सारखे. नुसती मान वळवली असती तरी दिसले असते. त्यानं वळवली नाही. तोंडातली नळी फेकली, अडचणीसाठी बाजूला बांधलेल्या टाकीची नळी कशीबशी तोंडात कोंबली आणि पाय झाडत सरळ वर सुटला. मागे बुडबुड्यांचा पांढरा लोट.

तिनं तो लोट दिसेनासा होईपर्यंत पाहिला. मग ती निघाली, सावकाश, नियमाप्रमाणे थांबत थांबत. सगळ्यात वरच्या थांब्यावर दोर धरून लटकताना तिला बोटीचा तळ दिसत होता आणि वरून धावपळीचे दबके आवाज येत होते. कुणीतरी ओरडत होतं. तिला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

कप्तानाचे कमरेखाली दोन्ही पाय लुळे पडले होते. बोटवाल्यानं ऑक्सिजन लावून त्याला गाडीत घातलं. शहरात चेंबर एकच. तिथला दुसरा ऑपरेटर रजेवर होता. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा ती ओल्या केसांनी हॉस्पिटलच्या वाटेवरच होती.

एका नर्सला त्याच्यासोबत आत बसवलं, दार लागलं, दाब चढला. ठरलेल्या वेळी मास्क काढून साध्या हवेची सुट्टी द्यावी लागते, कारण ऑक्सिजन इथंही जास्त चालत नाही. पहिल्या सुट्टीत कप्तानानं मान वळवली आणि गोल काचेतून त्याला तिचा चेहरा दिसला. तिचा हात दाबाच्या व्हॉल्व्हवर होता.

स्पीकर खरखरला. "हिला उठवा! दुसरं कुणी बसवा तिथं!"

"दुसरं कुणी नाही," डॉक्टर म्हणाले. "पडून राहा."

"डॉक्टर, हिनं मला मारायला बघितलं! माझ्या मशीनमध्ये मयताचे सेल घातले!"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं माइक जवळ ओढला.

"कुठल्या मयताचे, कप्तान?"

"तुझ्या भावाचे! ते दोन जुने!"

"त्याचे तर तिन्ही नवे होते. चौकशीत सगळ्यांनी पाहिले."

"नवे मी मागून घातले!" तो किंचाळला. "जुने मी त्याच रात्री खाणीत फेकले, माझ्या हातांनी फेकले! तुला मिळाले कुठून?"

नर्सनं हातातली नळी तशीच धरून ठेवली. डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठले होते ते तसेच राहिले. कप्तानालाही आपण काय बोललो ते हळूहळू कळत गेलं. उघडं तोंड त्याला मिटता येईना.

"मला मिळालेच नाहीत," ती म्हणाली. "तुझे तिन्ही नवेच आहेत. मशीन बोटीत पडलंय, कुणीही जाऊन बघा. तू फक्त आकडे बघायचे होतेस."

"ताई," डॉक्टर अगदी हळू म्हणाले, "व्हॉल्व्हवरचा हात काढा."

तिनं हाताकडे पाहिलं. तो व्हॉल्व्ह पुरता उघडून दाब एकदम सोडला असता तर आतल्या दोघांचं काय झालं असतं हे तिला माहीत होतं. आत नर्स होती. पण नर्स नसती तरीही तिनं तो उघडला नसता.

"घाबरू नका, डॉक्टर," ती म्हणाली. "हा मला धडधाकट हवाय. त्याला कोर्टात उभं राहायचंय."

आणि तिनं तो उपचार शेवटपर्यंत, सुईच्या टोकाइतकीही चूक न करता, पार पाडला.

डॉक्टरांची आणि नर्सची साक्ष झाली. ते ऐकून बोटवाल्याचं अवसान गळालं आणि त्यानंही त्या रात्रीचं सगळं ओकलं. शाळेला टाळं लागलं. कप्तान कोर्टात उभा राहिला तो दोन कुबड्यांवर, एक पाय ओढत. धाकट्याची चूक नव्हती असं न्यायाधीशांनी भर कोर्टात वाचून दाखवलं आणि कप्तानाला आत पाठवलं.

तिला वकिलानं बजावलं होतं, पाटीवर काय लिहिलं ते विचारल्याशिवाय सांगू नका. तिनं न विचारता सांगितलं. मुद्दाम वेळ काढला हेही सांगितलं. हॉस्पिटलनं तिला चेंबरवरून काढून टाकलं, आणि तिच्यावर वेगळा खटला भरला गेला तो अजून चालू आहे. जिथं रोज माणसं वाचवायची तिथंच एका माणसाला स्वतः लोळवून आणलं, असं डॉक्टर म्हणाले. आता ती गॅसच्या टाक्या भरणाऱ्या एका दुकानात बसते.

निकालाच्या दिवशी ती घरी आली तेव्हा आई गॅसपाशी उभी होती.

"लंगडतो का तो?" आईनं विचारलं. बऱ्याच महिन्यांतलं तिचं हे पहिलं सरळ वाक्य होतं.

"लंगडतो."

"कायमचा?"

"डॉक्टर म्हणतात, कायमचा."

आईनं गॅस बारीक केला. "तुला वाईट वाटतं का?"

तिनं खरं काय ते स्वतःशी चाचपून पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत."

"मला पण नाही," आई म्हणाली. "हातपाय धू. जेवायला वाढते."