मातेच्या सहीचा रकाना

“तुम्हाला पटायचं नाय, आधीच सांगतो,” कारभारीनाना चहाच्या टपरीवरचं बाकडं हातानं झाडून ऐसपैस बसला. “उभ्या सातपुरात बायांच्या हळदीकुंकवाला बसलेला बाप्या एकच. तो तुमच्यापुढं बसलाय.”

“झालं, सुटली गाडी,” भिकन म्हणाला.

सकाळची पाळी नुकतीच सुटली होती. भिकन नानाच्याच कारखान्यातला. ही गोष्ट त्यानं डझनभर वेळा ऐकली होती आणि दर वेळी तिच्यातल्या बाया वाढलेल्या पाहिल्या होत्या. पण आज बाकड्याच्या टोकाला एक नवा माणूस होता. नानाचा मुलगा शेखर. आठवड्यापूर्वीच तो त्याच कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला होता. नानानं त्याच्याकडं न बघताच सुरुवात केली.

त्र्याण्णव सालची संक्रांत. बायको चांगुणा काविळीनं जाऊन चार महिने झालेले. घरात नाना आणि दीड वर्षाचा शेखर, आणि सकाळी सातची पाळी. शेजारच्या तानुबाईनं तीन महिने पोर सांभाळलं, मग तिचेच गुडघे धरले. उरलं वॉर्डातलं सरकारी पाळणाघर. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत, कामावर जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी, तेही फुकट. नानाचा हिशेब सरळ होता. आपण कामावर जातो, आपल्याला लेकरू आहे, आणखी काय लागतं?

सही लागत होती. आईची.

“मातेची सही, या रकान्यात,” कचेरीतला साहेब म्हणाला.

“माता वारली, साहेब.”

“मग दाखला जोडा.”

दाखला जोडला. दुसऱ्या दिवशी साहेबानं फॉर्म परत सरकवला. “रकाना कोराच आहे.”

“मेलेलं माणूस सही कशी करंल, साहेब?”

“ते मी काय सांगू? योजना कामकरी मातांची आहे. तुम्ही कामकरी आहात, माता नाही. बापांसाठी काही वरून आलं तर कळवू.” मग पेनाला टोपण लावत, अगदी मायेनं, “तरुण आहात अजून. दुसरी करा. तिची सही चालेल.”

चालेल!

सोळा वर्षं झाली, तरी हे वाक्य आलं की नानाच्या कानशिलावरची शीर ताडताड उडायची. बाकी गोष्टीला तो दर वेळी नवं तिखटमीठ लावी. या वाक्यात मात्र त्यानं एक अक्षरही कधी वाढवलं नव्हतं.

“जन्माच्या दाखल्यावर नाव बापाचं,” तो बाकड्यावर थाप मारत म्हणाला. “शाळेत नाव बापाचं. रेशनकार्डावर सगळ्यात वर बाप. अन् पोर रडाय लागलं की बाप कोणीच नाय? एवढा मोठा कागद छापला भाडखाऊंनी, बापाला बोटभर जागा नव्हती त्यावर!”

“पुढं सांग, नाना. हळदीकुंकू,” भिकन म्हणाला.

पाळणाघराच्या मंगलाबाई मनानं भल्या. त्यांनीच हळूच सांगितलं होतं, “संक्रांतीला इथं हळदीकुंकू आहे. प्रवेशाच्या चिठ्ठ्या वाणाच्या वाटीतूनच देणारेत, साहेबांच्या हातनं. या तर खरं.”

नाना गेला. अंगात धुतलेला सदरा, कडेवर शेखर.

“किती बाया होत्या?” भिकननं विचारलं.

“चारशे.”

“मागच्या टायमाला दोनशे होत्या.”

“तू होतास का मोजायला? गप.”

तर चारशे बाया, आणि मधोमध नाना. कुंकू लावणारी त्याच्यापाशी येऊन थबकली. विधवेला लावायचं नाही, हे तिला पाठ होतं. बायको मेलेल्या बाप्याचं काय करायचं, ते कोणी शिकवलं नव्हतं. नाना म्हणाला, लाव. तिनं लावलं. हातावर तिळगूळ ठेवला, गुलाबपाणीही शिंपडलं. साहेबानं मात्र वाटी मागं ओढली. “उखाण्याशिवाय वाण नाही,” म्हणाला आणि हसला. त्याला वाटलं, गडी लाजून पळेल.

नानानं शेखरला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि सरळ माइकच धरला.

“एका हातात डबा, एका हातात पोर, सातची पाळी गाठायची;
चांगुणाचं नाव घेतो, सांगा साहेब, सही कुठून आणायची?”

आवाज असा लागला की छताचे पंखे थांबले. पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट त्र्यंबकेश्वराच्या कळसावर जाऊन बसली. चारशे बायांनी चारशे वाट्या साहेबापुढं आपटल्या. आधी त्याच्या पोराचं बघा, मग आमचं! तो खणखणाट लासलगावच्या मार्केटात ऐकू गेला, कांद्याचा लिलाव थांबला. साहेबाला दरदरून घाम फुटला. आईच्या रकान्यात त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘बाप हजर’, आणि वर गोल शिक्का हाणला. एवढंच नाही, पुढं दीड वर्ष रोज सकाळी साहेब पाळणाघराच्या दारात उभा. “आण रे पोर इकडं,” म्हणायचा. झोकेसुद्धा तोच द्यायचा.

टपरी हसण्यानं दणाणली. भिकनला ठसका लागला. नानाही हसला, पण गुडघ्यावरची मूठ काही उघडली नाही.

“खोटं,” शेखर म्हणाला.

हसू विरलं. “अरे, गोष्ट हाय ती, पोरा...” भिकन सावरायला गेला.

“लासलगावला आवाज गेला म्हणता,” शेखर उभा राहिला. “लासलगावला मी होतो, नाना. आत्याकडं. आठवीपर्यंत. पाळणाघर मी आतनं बघितलेलंसुद्धा नाय. संक्रांतीच्या दुपारीच आत्याकडं आणून टाकलं मला. आत्यानं सांगितलंय सगळं. हळदीकुंकवाच्या दारापर्यंत गेलात, आत नुसत्या बाया बघितल्या अन् तसेच मागं फिरलात. साहेबाला एक शब्द बोलला नाय. आज इथं चहावाल्यापुढं बाकडं बडवताय. तेव्हा का नाय ओरडलात?”