खरवडलेलं नाव

रेडिओ आले तशी अकोल्याच्या त्या गल्लीत फोनोच्या तबकड्यांची रया गेली. बाया त्या उकळत्या पाण्यात घालून वाकवायच्या अन् त्यांची वाडगी करायच्या. नत्थुजी तेल्हाऱ्याहून परतले, तेव्हा सून वच्छलानंही चार वाडगी करून ठेवली होती. एकात शेंगदाणे होते.

नत्थुजींनी शेंगदाणे भुईवर ओतले अन् वाडगं उजेडात धरलं. मधला नावाचा कागद खरवडलेला होता.

"हे कावून केलं तू?" ते ओरडले. "तुह्या सासूचा आवाज होता याच्यात!"

वच्छला भेदरली. सासू मनकर्णा तिच्या लग्नाआधीच वारली होती. ती गायची, हे घरात कुणी कधी बोललंच नव्हतं.

"त्याच्यावर नावच नव्हतं, मामाजी."

बायकोचं गाणं तबकडीवर आलं हे भावकीला कळलं, तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणून नत्थुजींनीच ते नाव चाकूनं खरवडलं होतं. तेही मनकर्णेच्या डोळ्यांदेखत. वा रे मर्द!

आत रेडिओवरचं गाणं संपलं, अन् निवेदकानं सांगितलेलं गाणाऱ्या बाईचं नाव साऱ्या गल्लीला ऐकू गेलं.